हत्तींच्या मागचे धागे

विणकराच्या घरात जन्मून ज्याला धड एक साडी विणता आली नाही, असा माणूस शहापुरात शोधायला निघालात, तर गल्लीच्या तोंडाशीच कुणीतरी तुम्हाला आमच्या घराकडं पाठवील. माग आपल्याला मानवत नाही हे मी लवकर ओळखलं, आणि हा आपल्या कामाचा नाही हे मागानंही तेवढ्याच लवकर ओळखलं. मग मी सरकारी कचेरीत चिकटलो. तिथं कन्नडमधून आलेले अर्ज मी कन्नडमधूनच पुढं ढकलतो आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीतून टोमणे खातो.

पण विणकराचा मुलगा असण्याचा एक फायदा असतो. धाग्याच्या कुठल्याही विषयावर मत द्यायचा तुम्हाला जन्मसिद्ध अधिकार मिळतो. कुणाच्या लग्नात गेलो की मी नवरीच्या आत्याच्या पदराचं टोक दोन बोटांत धरून "हं" म्हणतो. त्या "हं"मध्ये काहीही नसतं. पण आत्याबाईंचा चेहरा पडतो, आणि जेवताना मला जिलबी जास्त वाढली जाते.

घरात आम्ही तीन भावंडं. थोरला अण्णा. त्यानं तीस वर्षं हातमाग चालवला, नंतर पॉवरलूमच्या शेडमध्ये उभं राहून गुडघे घालवले. मधली आक्का. तिनं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं, आणि एके वर्षी शाळेनं शिवण हा विषयच बंद केल्यावर ती घरी आली. शेंडेफळ मी. माझी बायको शहाणी असल्यामुळं या हकिगतीत ती कुठंच येत नाही.

रस्त्याच्या बाजूची पुढची खोली ही मागाची खोली. माग विकून दहा वर्षं झाली होती. खोलीत दोन सायकली, कांद्याचं पोतं आणि कुणाचीच नसलेली एक छत्री एवढं राहत होतं. आक्काला ती खोली हवी होती. स्वेटर विणायचं मशीन घ्यायचं, ऑर्डरी घ्यायच्या, दारात पाटी लावायची, असं तिचं चाललं होतं. अण्णाकडं मात्र मोबाईलची कव्हरं विकणारा एक माणूस फेऱ्या मारत होता. त्याला तिथं शटर बसवून दुकान थाटायचं होतं. अण्णाला ना स्वेटर हवे होते ना कव्हरं. त्याला कुणी काही मागितलेलंच आवडत नाही. पण घरातल्या बाईला हो म्हणण्यापेक्षा बाहेरच्या माणसाला हो म्हणणं त्याला सोपं वाटत होतं, आणि हा गुण एकट्या अण्णाचा नाही.

तेवढ्यात आक्कानं उचगावच्या एका बालवाडीची ऑर्डर आणली. सव्वीस पोरांचे सव्वीस स्वेटर, निळ्या रंगाचे, छातीवर पांढऱ्या हत्तींची रांग, जानेवारीतल्या गॅदरिंगला घालायला. अण्णानं चहाचा कप खाली ठेवला आणि कोर्टात निकाल देतात तशा आवाजात सांगितलं, "गॅदरिंगला सव्वीसच्या सव्वीस पोचले तर खोली तुझी. एक जरी कमी पडला तर शटर."

आक्का म्हणाली, "बरं." ती वाद घालत नाही. शाळेत तीस वर्षं काढलेल्या बायका वाद घालत नाहीत, त्या मार्क देतात.

मशीन निपाणीत मिळालं. तिथल्या एक बाई पूर्वी विणकामाचा क्लास चालवत. क्लास बंद पडला होता आणि मशीन तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या खोलीत पडून होतं. ते बघायला आक्काबरोबर मी तज्ज्ञ म्हणून गेलो. लांबट पेटी उघडल्यावर आधी आम्ही तिघंही शिंकलो. मग मी सुयांवरून बोट फिरवून "हं" म्हटलं. आक्का म्हणाली, "तू पेटी उचल." तज्ज्ञाचं काम तेवढ्यावरच आटोपलं.

परतताना बसमध्ये ती पेटी मी मांडीवर आडवी घेऊन बसलो. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं हे काय आहे. विणायचं मशीन असं सांगितलं असतं तर लगेजचं तिकीट फाडावं लागलं असतं, म्हणून मी बाजाची पेटी म्हणालो. मागच्या बाकावर संकेश्वरला उतरणारे भजनकरी होते. त्यांनी एवढ्या आदरानं एखादा अभंग वाजवायचा आग्रह केला की मला बोटाला लागल्याचं सोंग करून रुमाल गुंडाळावा लागला. आक्का खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर मोजत बसली. माझी आणि तिची ओळख आहे असं त्या बसमधल्या कुणालाही वाटलं नसेल.

खोलीतलं कांद्याचं पोतं सरकवून मशीन टेबलावर बसलं. लोखंडी पट्टीत दोनशे सुया शेजारी शेजारी. प्रत्येकीच्या टोकाला आकडा, आकड्याला मिटणारी इवलीशी जीभ. त्यांच्यावरून इस्त्रीसारखी एक गाडी ओढायची. डावीकडून उजवीकडं एक फेरा ओढला की एक ओळ विणून तयार. इथवर मलाही कळलं. खरी करामत होती ती नक्षीच्या कार्डात. प्लॅस्टिकची पट्टी, तिच्या प्रत्येक आडव्या ओळीत चोवीस घरं. एखाद्या घरात भोक पाडलेलं असलं की त्या घराची सुई पुढं येते. भोक नसलं की आपल्या जागी बसून राहते. पुढं आलेल्या सुईला पांढरी लोकर मिळते, मागं राहिलेल्या सुईला निळी. फेरा संपला की कार्ड एक ओळ वर सरकतं आणि नव्या ओळीची निवड सुरू होते.

आता सुया दोनशे आणि घरं चोवीसच. म्हणून पहिल्या सुईला जे मिळतं तेच पंचविसाव्या सुईला, तेच एकोणपन्नासाव्या आणि त्र्याहत्तराव्या सुईला. सुईची लायकी, तिची चकाकी, तिनं आजवर किती टाके विणले, हे कुणी विचारत नाही. ती कितव्या जागेवर बसली आहे एवढंच बघितलं जातं. त्यामुळं एकदा एक हत्ती नेमला की तसलेच हत्ती रांगेनं नेमले जातात. आक्काला हे समजावून सांगायला निपाणीच्या बाईंना अर्धा तास लागला होता. मला ते क्षणात कळलं, कारण आमच्या कचेरीत बढत्या अशाच होतात. फरक एवढाच की मशीनमधलं कार्ड सगळ्यांना उघडपणे बघता येतं.

शिवाय आमच्या मागावरही जकार्ड होतं. भोकांचे पुठ्ठे साखळीसारखे ओवलेले असत आणि भोक असेल तिथला उभा धागा उचलला जाई. भोक तेच, निवड तीच. म्हणून हत्तीचं कार्ड मी पाडणार असं मी जाहीर करून टाकलं. चौकटीचा कागद घेतला, चोवीस घरं मोजली आणि सोंडेच्या टोकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत चोवीसच्या चोवीस घरं भरणारा एक भरदार हत्ती काढला. एकही घर वाया घालवलं नाही. मग कंडक्टरच्या चिमट्यासारख्या पंचनं भोकं पाडली.

आक्कानं नमुना विणला. मशीननं आपलं काम चोख केलं: चोविसावं घर संपताच पुढच्या सुईवर दुसरा हत्ती सुरू केला. दोन हत्तींच्या मध्ये जागा सोडायची असते हे मी मशीनला सांगितलंच नव्हतं. त्यामुळं प्रत्येक हत्तीची सोंड पुढच्या हत्तीच्या शेपटीखाली पोचली होती. आक्कानं नमुना उजेडाकडं धरला. मग म्हणाली, "वास घेत चाललेत व्हय रं हे?"

तिनं सोंडेच्या चार घरांवर चिकटपट्टी लावली. भोक बुजलं की ती सुई पुढं येत नाही. हत्ती सुटे झाले, सोंड जरा नकटी झाली. उचगावच्या बालवाडीच्या बाईंनी नमुना पसंत केला आणि नकट्या सोंडेचं कौतुकही केलं. लहान मुलांना असलेच आवडतात म्हणाल्या. ते कौतुक माझं असल्याचं मी घरी सांगितलं. बाईंची तक्रार एकच होती. त्यांनी स्वेटर उलटा करून मागचे धागे दाखवले आणि यात पोरांची बोटं अडकतील, काहीतरी करा, असं म्हणाल्या.

ते धागे काय होते तेही सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यांचाच आहे. पांढरी लोकर लागते ती हत्तीपुरती. मधल्या सुयांना ती नको असते, मग ती त्यांच्या मागून मोकळीच पुढच्या हत्तीकडं जाते. हत्तीच्या पोटामागून निळी अशीच जाते. समोरून बघाल तर हत्तींची सुबक रांग. उलटून बघाल तर वाळत घातलेल्या दोऱ्यांसारखे लोंबते धागे. आक्कानं मान डोलावली. घरी येऊन म्हणाली, आधी स्वेटरांचे सगळे सुटे भाग विणून काढते, मग धाग्यांचं बघते.

डिसेंबरच्या शेवटापर्यंत सगळ्या साध्या निळ्या पाठी-बाह्या आणि छातीचे अठरा पुढचे भाग तयार झाले. टेबलावर निळा ढीग बसला. अण्णा येता-जाता तो ढीग मोजत असे आणि मोजत नसल्यासारखं दाखवत असे. मग खानापूरकडची आमची मावशी गेली, आणि तिच्या बाराव्याला आक्का दोन दिवस गावी गेली. जाताना तिनं खोलीला कुलूप लावलं नाही. त्याबद्दल ती अजून स्वतःला दोष देते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवण झाल्यावर मी खोलीत शिरलो, ढिगातला एक भाग उलटा केला आणि ते लोंबते धागे बघताच माझ्या बोटांना काहीतरी आठवलं. मला विणता येत नसे हे खरं, पण मागाच्या खोलीत एक काम मला येत असे, आणि ते मी गल्लीत सगळ्यात चांगलं करत असे. साडीत बुट्टी काढायची तर जरीचा किंवा रेशमाचा जादा धागा आडवा घालतात. बुट्टीपुरता तो समोर दिसतो, आणि पुढच्या बुट्टीपर्यंत मागून मोकळा लोंबत जातो. साडी मागावरून उतरली की ते मागचे धागे कात्रीनं कापून टाकायचे. हे पोरांचं काम. मी सात वर्षांचा असल्यापासून ते करत होतो, आणि माझ्या हातून कापड एकदाही कापलं गेलं नव्हतं. विणकामातलं माझं सगळं शिक्षण म्हणजे एवढं कापणं.

मी अण्णाला हाक मारली. तो गुडघे चोळत आला. मी त्याला धागे दाखवले आणि म्हणालो, आक्का बाराव्याहून दमून येणार, आल्यावर अठरा भागांचे धागे काढत बसणार, त्यापेक्षा आपण हे आजच उरकू या. अण्णानं एक भाग हातात घेतला, उजेडाकडं धरला, उलटापालटा केला. तीस वर्षं माग चालवलेला माणूस. त्याच्या तोंडून "नाही" आलं असतं तर मी तिथंच थांबलो असतो, हे मी आजही शपथेवर सांगतो.

तो म्हणाला, "कात्री कुठाय?"

कपाटातून जुन्या कात्र्या निघाल्या. एकीच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली होती, ती त्यानं घेतली. चटई अंथरली, मध्ये चुरमुऱ्यांचं ताट ठेवलं, आणि आम्ही दोघं मांडी घालून बसलो. त्याचे गुडघे वळत नव्हते, म्हणून त्यानं पाय पसरले. सुरुवातीला कात्र्यांचाच आवाज. मग अण्णा बोलायला लागला. आप्पा, म्हणजे आमचे वडील, कापलेली साडी तळहातावर ओढून बघायचे आणि एक जरी धागा टोचला तरी कानाला धरायचे, ते त्यानं सांगितलं. मी कोळ्याच्या जाळ्यासारखी एक साडी एका दुपारीत साफ केली होती, तेही सांगितलं. हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे केलं होतं ते ठाऊक होतं, अण्णाच्या लक्षात आहे हे ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर मी माग सोडून कचेरीत लागलो तेव्हापासून अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलत असे. लाईट बिल भरलंस का, गॅस लावलास का, एवढंच. त्या दुपारी तो तीन तास बोलला. आम्ही शर्यत लावली. तो दहा भागांवर पोचला तेव्हा मी आठ संपवले होते, आणि तो असा हसला की त्याच्या तोंडातले चुरमुरे हत्तींवर सांडले. पांढरा निळा बारीक काड्यांचा कचरा आम्ही मुठीमुठीनं गोळा केला. अठराही भाग पाठीमागून असे तुळतुळीत झाले होते की आप्पांनी तळहातावर ओढले असते तरी काही टोचलं नसतं. अण्णानं घडी घालून ते परत रचले आणि ढिगावर थोपटल्यासारखा हात मारला. म्हणाला, "बाईमाणूस खूश होईल."

सोमवारी मी कचेरीतून आलो तोवर आक्का परतली होती. ती मशीनसमोर उभी होती, हातात एक भाग, उलटा. अण्णा दाराशी उभा. दोघंही कौतुकाच्या अपेक्षेनं तिच्याकडं बघतोय असं आमचं चित्र त्या वेळी कुणी काढलं असतं तर ते शाळेत लावण्यासारखं झालं असतं. खाली ओळ लिहायची: असे होऊ नका.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं.

"मला सुचलं," मी म्हणालो. अण्णा म्हणाला की दहा भाग त्याचे आहेत. श्रेय कमी पडू नये म्हणून.

तिनं तो भाग दोन्ही बाजूंनी धरला आणि पोराच्या डोक्यातून काढताना ताणतात तसा हलकेच ताणला. पहिला हत्ती पोटापाशी उघडला. मग सोंडेचा टाका सुटला, मग पायाचा. पांढरी लोकर बोटभर लांबीच्या तुकड्यांनी गळून पडली, आणि वरच्या ओळीतले मोकळे झालेले टाके शिडीसारखे खाली घसरत आले. जिथं हत्ती होता तिथून आक्काची बोटं दिसायला लागली.

अण्णा पुढं आला. त्यानं दुसरा भाग घेतला, ताणला. मग तिसरा. चौथा ताणायचं त्याला धैर्य झालं नाही.

"साडीतली बुट्टी काढून टाकली तरी खाली साडी राहते की रं," आक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. नापास पोराला उत्तरपत्रिका समजावतात तसा होता. "हितं खाली काय हाय? जो धागा मागनं लोंबतोय, त्योच पुढं जाऊन टाका झालाय. तू टाक्याचे पाय कापलेस, आणि म्हणतोस कचरा काढला."

मी आयुष्यभर "हं" म्हणत आलो होतो. त्या दिवशी तेवढंही निघेना. गॅदरिंगला नऊ दिवस उरले होते.

सगळ्यात वाईट अवस्था अण्णाची होती. अट त्यानं घातली होती, आणि दहा स्वेटर त्यानंच मारले होते. न्यायाधीशानंच साक्षीदार पळवल्यासारखं झालं. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "शटरवाल्याला थांब म्हणून सांगतो. गॅदरिंगचं ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षाला बघू."

आक्का म्हणाली, "अट तू घातलीस, अण्णा. आता ती मागं घेऊन माझ्यावर उपकार करू नगंस. हात धुवा दोघं आणि बसा."

पुढचे नऊ दिवस मी कधी विसरणार नाही. प्रत्येक भाग वरून उसवत हत्तींच्या खालच्या साध्या निळ्या ओळीपर्यंत आणायचा. तिथले एकशे आठ टाके उघडे पडायचे, आणि ते एकेक करून एकशे आठ सुयांवर परत टांगायचे. मग वरचा भाग नव्यानं विणायचा. असे अठरा, आणि राहिलेले आठ नवेच. उसवणं अण्णाकडं, टांगणं माझ्याकडं, विणणं आक्काकडं. मी कचेरीत चार दिवसांची रजा टाकली. कारण काय लिहायचं यावर बराच विचार करून "घरगुती अडचण" असं लिहिलं. सायबांनी कुणी आजारी आहे का विचारलं. मी म्हणालो अठरा जण.

कार्ड या वेळी आक्कानं स्वतः पाडलं. मला पंचला हात लावू दिला नाही. हत्ती तोच नकटा, पण त्याच्या अवतीभवती आणि पोटातही तिनं अधूनमधून एकेक घर असं बदललं की कुठलाही रंग सलग चार सुयांपेक्षा जास्त मागून जाऊ नये. निळ्यात पांढरे ठिपके, पांढऱ्यात निळे. मागचे धागे इतके आखूड झाले की त्यात पोराचं बोट जाणं शक्य नव्हतं, आणि कात्रीचंही. या दुसऱ्या गोष्टीसाठीच तिनं ते केलं असावं असा मला संशय आहे.

टाके टांगताना मला पहिल्यांदा कळलं की मशीनला स्वेटरचं काही देणंघेणं नसतं. सतराव्या भागाला मी अकरा सुया सरकून टाके टांगले. मी सरकलो, पण कार्ड सरकलं नाही. हत्ती ज्या सुयांवर नेमला होता त्याच सुयांवर, वेळच्या वेळी हजर झाला. त्यामुळं त्या स्वेटरवर एक हत्ती बरोबर काखेत गेला, अर्धा आत, अर्धा बाहेर. लक्षात आलं तेव्हा शिवून झाला होता आणि गॅदरिंग दुसऱ्या दिवशी होतं. आक्कानं तो हातात धरून माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा उसवू का विचारलं. "तू कशालाच हात लावू नगंस," ती म्हणाली, आणि तो तसाच पिशवीत भरला.

उसवताना अण्णा प्रत्येक धाग्याचा गुंडा करून ठेवत असे. कापलेले तुकडे मात्र एका डब्यात टाकत असे आणि डब्याकडं बघत नसे. एकदा त्यानं आक्काला विचारलं की ही गाडी ओढताना हाताला जड लागते का. ती म्हणाली, मागावरच्या धोट्यापेक्षा हलकी. तो बराच वेळ तिच्या हाताकडं बघत राहिला.

बुधवारी सकाळी आक्का आणि मी उचगावला पोचलो. सव्वीस मोजून दिले. बालवाडीच्या बाईंनी एक उलटा केला, मागून हात फिरवला आणि खूश झाल्या. मग हे ठिपके कसले, पाऊस काय, असं विचारलं. आक्का म्हणाली, जोंधळ्याचे दाणे. हत्ती शेतातून चाललेत. हे तिला तिथंच सुचलं की आधीपासून ठरलेलं होतं, ते मला अजून माहीत नाही. बाईंना मात्र ते एवढं पटलं की सूत्रसंचालन करताना त्यांनी तेच माईकवरून सांगितलं. स्टेजवर पोरं नाचली. काखेत हत्ती असलेला मुलगा हात वर करायचा तेव्हा हत्ती बाहेर यायचा, खाली घ्यायचा तेव्हा आत जायचा. पुढच्या रांगेतल्या आयांना वाटलं मुद्दाम केलंय. बाईंनी पुढच्या वर्षी पहिलीचेही स्वेटर द्याल का म्हणून विचारलं, आणि आक्कानं मला बोलायची संधी न देता हो म्हणून टाकलं.

अण्णा गॅदरिंगला आला नव्हता. गुडघे दुखतात म्हणाला होता. दुपारी आम्ही गल्लीत शिरलो तर दारात मुरमाचा ढीग आणि हातगाडी. खोलीतलं मशीन, टेबलासकट, उचलून पडवीत ठेवलेलं. सायकली बाहेर. जमिनीवरच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या. आमचा माग खड्ड्याचा होता. विणकर जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, तसला. माग गेल्यावर त्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या, आणि दहा वर्षं तो कुणी बुजवला नव्हता. बुजवू या असं घरात कुणी कधी म्हणालंही नव्हतं. आता अण्णा खड्ड्यात गुडघाभर उतरून घमेल्यानं मुरूम ओतत होता आणि पायानं दाबत होता. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस.

आक्का दारात थांबली. पिशवी तिच्या हातातच होती.

"शटरवाला येऊन गेला," अण्णा वर न बघता म्हणाला. "जागा रिकामी न्हाय म्हणून सांगितलं."

"सव्वीस पोचले," आक्का म्हणाली.

"ते मी कुठं विचारलं?" त्यानं आणखी एक घमेलं ओतलं. "फळ्या हलतात. तुझं टेबल डुगडुगतंय, तीन म्हयने बघतोय. सोमवारी फरशीवाल्याला बोलावलंय. रंग कुठला पाहिजे ते तू बघ."

तिनं पिशवी माझ्याकडं दिली, पदर खोचला, चपला काढल्या आणि दुसरं घमेलं उचललं. अण्णानं तिला उतरायला हात दिला. मीही चपला काढून पुढं झालो, तर दोघंही एकदम माझ्याकडं बघायला लागले, आणि मी मुकाट्यानं चहा टाकायला आत गेलो.